हत्ती, होडी आणि तुळा

पुण्याच्या ईशान्येस, भीमा, भामा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर नावाचे गाव आहे. 1689 साली छत्रपती संभाजीमहाराजांच्या बलिदानाने हे नाव महाराष्ट्राच्या काळजावर कोरले गेले. परंतु गावाला ते नाव मिळाले, अशी परंपरा सांगते, ते त्याच्या छप्पन्न वर्षे आधीच्या एका दानप्रसंगावरून. तोपर्यंत गावाचे नाव नागरगाव होते. शके 1555, म्हणजे इ. स. 1633 च्या भाद्रपद अमावास्येस, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, आदिलशाहीतील मातब्बर मुत्सद्दी मुरार जगदेव यांनी या संगमावर स्वतःची तुळा केली. त्यानंतर आपल्या हत्तीच्याही भारंभार दान करावे, असा संकल्प त्यांनी सोडला आणि सारेच पेचात पडले. हत्ती पारड्यात कसा घालावा? तेवढी तुळई कोठून आणावी, तेवढे साखळदंड कोणी ओतावेत?

तो पेच शहाजीराज्यांनी सोडवला, अशी कथा आहे. हत्तीला नावेत चढवले, नाव जेथपर्यंत बुडाली तेथे बाहेरून खूण केली, हत्ती उतरवला आणि त्याच खुणेपर्यंत नाव बुडेतो तिच्यात दगडधोंडे भरले. मग ते दगड एकेक करून साध्या काट्यावर तोलले. बेरीज आली तेच हत्तीचे वजन.

ही कथा आपल्याकडे लहान मुलांना शहाजीराज्यांच्या चातुर्याची म्हणून सांगितली जाते, आणि तिच्यापाठोपाठ हल्ली एक वाक्य हमखास येते: जो नियम आर्किमिडीजच्या नावावर खपतो तो आमच्या राजांना ठाऊकच होता. या वाक्याचा मोह समजण्याजोगा आहे. पण ते तपासून घेतल्याशिवाय पुढच्या पिढीच्या हाती देणे बरे नव्हे, कारण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पारड्यात टाकलेल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, हत्ती तोलण्याच्या या युक्तीला तरंगण्याचा नियम मुळीच लागत नाही. तीच नाव, तेच पाणी आणि तीच खूण असेल, तर आतले ओझेही तेवढेच असले पाहिजे, इतकेच जाणले की पुरे. आणि ही जाणीव ओझे वाहणाऱ्या प्रत्येक तांडेलाला असते. नाव का तरंगते, ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन किती, हे कोणी विचारायची गरज नाही. येथे नाव म्हणजे एक काटा आहे, आणि तोही असा की त्याचे दोष आपोआप वजा होतात. नाव वेडीवाकडी असो, जड असो, थोडी कलती असो, हत्तीसाठी ती जशी होती तशीच दगडांसाठीही असते. फ्रान्समधल्या बोर्दा या गणितज्ञाचे नाव ज्या पद्धतीला मिळाले, ती सूक्ष्म तोलाची पद्धत हेच करते: वस्तू व वजने दोन पारड्यांत समोरासमोर न ठेवता एकाच पारड्यात एकामागून एक ठेवायची, म्हणजे काटा खोटा असला तरी तोल खरा निघतो. तुळापूरच्या कथेतले खरे बुद्धिवैभव येथे आहे, आणि त्याच्या पुढच्या पायरीत आहे. जे वजन अखंड असल्यामुळे तोलता येत नव्हते, ते दगडांच्या रूपाने सुटे करून तोलता आले. एवढे श्रेय काही थोडे नव्हे. त्याला आर्किमिडीजची झूल पांघरण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. ही कथा तुळापूरच्या फार आधीची आहे. चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ती ठाऊक असते, पण तिचा नायक वेगळा आहे. तिसऱ्या शतकात छन शौ या इतिहासकाराने लिहिलेल्या 'तीन राज्यांच्या इतिहासा'त त्साओ त्साओ या सेनानीच्या छुंग नावाच्या मुलाचे चरित्र आहे. दक्षिणेकडील राजा सुन छुआन याने हत्ती नजराणा पाठवला. त्याचे वजन कसे करावे, हे दरबारातल्या कोणालाच सुचेना, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या छुंगने हीच नावेची युक्ती सांगितली. हा मुलगा पुढे इ. स. 208 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षीच वारला.

यावर चिनी पंडित छन यिनको यांनी 1930 साली असे प्रतिपादले की, ही कथा मुळात चीनची नसून भारताची आहे. त्यांचा आधार होता इ. स. 472 मध्ये चिनीत उतरवलेला एक बौद्ध कथासंग्रह. त्यातल्या एका देशात वृद्धांना घालवून देण्याची चाल होती. एका मंत्र्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला तळघरात लपवून ठेवले. पुढे एका देवतेने राजाला कोडी घातली आणि उत्तरे न आल्यास राज्य नष्ट करण्याची धमकी दिली. हत्तीचे वजन किती, हे त्यांतले एक कोडे. म्हाताऱ्याने नाव, खूण आणि दगड हे उत्तर मुलाकरवी दिले. आणखी एक कोडे असे की, चंदनाचा चौरस, दोन्हीकडे सारखा तासलेला तुकडा आहे. त्याचे बूड कोणते व शेंडा कोणता? उत्तर: पाण्यात टाका, बुडाकडची बाजू खाली जाईल, शेंड्याची वर राहील. हेच कोडे खैराच्या काठीच्या रूपाने पाली जातकांतल्या महोसधाच्या कथेतही आले आहे. कोडी सुटल्यावर राजाने ती निर्दय चाल बंद केली.

हा अनुवाद छन शौच्या ग्रंथापेक्षा उशिराचा आहे, ही अडचण उघड आहे. कथा तोंडोतोंडी आधीच चीनला पोचली असावी, असे छन यिनको यांचे म्हणणे. मला ते पटते. हत्ती रोजच्या पाहण्यातला असेल तेथेच त्याच्या वजनाची पंचाईत पडणार. मग तुळापूरला शहाजीराज्यांनी जुनीच गोष्ट आठवून वापरली, की त्यांना ती नव्याने सुचली, की पुढच्या कथेकऱ्यांनी एका चतुर पुरुषाला एक चतुर कथा जोडून दिली? यांपैकी कोणताही पर्याय त्यांना कमीपणा आणत नाही. ऐकलेली गोष्ट योग्य क्षणी घाटावर करून दाखवणे, हेही कर्तृत्वच होय.

आता आर्किमिडीजकडे वळू. सिरॅक्यूजच्या या गणितज्ञाचा मृत्यू इ. स. पूर्व 212 मध्ये रोमन सैन्याने ते शहर घेतले तेव्हा झाला. स्नानाच्या कुंडातून नागडाच धावत सुटल्याची व सोन्याच्या मुकुटाची गोष्ट त्याच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. ती सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यशास्त्रज्ञाने लिहिली. आर्किमिडीजने लिहिले ते 'तरंगणाऱ्या पदार्थांविषयी' या दोन भागांच्या ग्रंथात, आणि तेथे कुंड नाही, मुकुट नाही; आहेत त्या एकामागून एक सिद्ध केलेल्या प्रतिज्ञा. पाचवी म्हणते की, द्रवापेक्षा हलका पदार्थ त्यात इतकाच बुडतो की, त्याने बाजूस सारलेल्या द्रवाचे वजन त्या पदार्थाच्या संपूर्ण वजनाइतके भरते. सातवी म्हणते की, द्रवापेक्षा जड पदार्थ बुडतो खरा, पण द्रवात तोलला असता बाजूस सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका हलका भरतो.

या ग्रंथाची पुढची दैवगती मंदिरांशी संबंध असलेल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. त्याचे मूळ ग्रीक रूप आज एकाच पोथीत उरले आहे. दहाव्या शतकात ती चर्मपत्रावर लिहिली गेली, आणि 1229 साली एका धर्मसेवकाने तीवरची अक्षरे खरवडून, पाने आडवी फिरवून तीवर प्रार्थना लिहिल्या. चर्मपत्र महाग होते आणि प्रार्थनेची गरज रोजची. 1906 साली डेन्मार्कच्या हायबर्ग या पंडिताने कॉन्स्टँटिनोपलला प्रार्थनांच्या ओळींखालचा फिकट मजकूर भिंगाने वाचला आणि तो आर्किमिडीजचा असल्याचे ओळखले. पुढे पोथी हरवली, 1998 साली न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरांना विकली गेली आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात तिची छायाचित्रे काढून तिचे वाचन झाले. धर्मग्रंथाने शास्त्रग्रंथ पुसला, असे कोणी म्हणतात. ते खरे आहे. पण प्रार्थनेची पोथी म्हणून सातशे वर्षे ती कोणी जपली नसती, तर पुसलेलेही काही उरले नसते.

प्रतिज्ञेचे कारण समजून घ्यायला ग्रंथ लागत नाही. रिकामी घागर तोंड वर ठेवून तळ्यात दाबून पाहावी. जो रेटा हाताला जाणवतो तो पाण्याच्या दाबाचा. पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो. म्हणून घागरीच्या बुडाला खालून मिळणारा रेटा वाढत जातो. कडांवरचे रेटे आडवे असल्याने एकमेकांना मारतात. उरतो तो वरच्या दिशेचा. घागरीच्या जागी पूर्वी पाणीच होते आणि ते स्वस्थ होते, म्हणजे भोवतालचे पाणी त्याचा भार नेमका पेलत होते. आता तेथे घागर आली, तरी भोवतालचे पाणी तेवढाच भार पेलते. लोखंडाची घनता पाण्याच्या पावणेआठपट असली तरी लोखंडाची नाव तरंगते ती याचमुळे. नाव म्हणजे केवळ लोखंड नव्हे, लोखंडाने वेढलेली पोकळी. 1787 साली इंग्लंडात जॉन विल्किन्सनने सेव्हर्न नदीत लोखंडी पत्र्यांची बोट सोडली तेव्हा ती तरंगेल यावर फारच थोड्यांचा विश्वास होता. आर्किमिडीज जाऊन तोवर दोन हजार वर्षे होत आली होती.

आपल्याकडे नौकांचे शास्त्र नव्हते असे नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु'त लाकडाच्या हलकेपणा-घट्टपणावरून जाती लावल्या आहेत. हलके पण कणखर लाकूड क्षत्रिय जातीचे ठरवून नौकेसाठी ते उत्तम मानले आहे. नौकांचे लांबी-रुंदी-उंचीवरून प्रकार पाडले आहेत आणि समुद्रात जाणाऱ्या नौकेला लोखंडी बंध घालू नयेत, लोहचुंबक ओढून घेतो, असेही बजावले आहे. माळव्यातल्या आपल्या मंडळींना या ग्रंथाचा अभिमान वाटावा हे उचितच. परंतु नौकेच्या भाराइतके पाणी बाजूस सरते, हे विधान त्यात नाही. ती जाण आपल्याकडे सुताराच्या हातात व तांडेलाच्या डोळ्यात राहिली. शास्त्रकाराच्या टाकापर्यंत ती पोचलीच नाही. ज्याने नाव बांधली तो लिहीत नव्हता आणि जो लिहीत होता त्याने नाव बांधली नव्हती. हे आपल्या विद्येचे जुने दुखणे, आणि शहाजीराज्यांच्या नावावर आर्किमिडीजचा नियम चढवून ते बरे होण्याजोगे नाही.

नियम हाती आला म्हणजे काय मिळते, हे तुळापूरच्याच हिशेबाने पाहू. चार हजार किलोंचा हत्ती धरा. गोड्या पाण्याचा एक घनमीटर म्हणजे एक हजार किलो. तेव्हा हत्तीने चार घनमीटर पाणी सारले पाहिजे. नाव बारा मीटर लांब व तीन मीटर रुंद असली, दोन्ही टोकांस निमुळती असली, तर पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्र पंचवीस चौरस मीटरच्या आसपास भरेल. म्हणजे हत्ती चढल्यावर ती सोळा सेंटीमीटर खाली जाईल, अन् एका सेंटीमीटरची चूक म्हणजे अडीचशे किलोंची चूक. संगमाच्या पाण्याची एक लहर, हत्तीने सोंड हलवताच नावेने खाल्लेला एक झोका, आणि खूण बोटभर इकडची तिकडे होणार. तुळापुरुषदान हे पुराणोक्त सोळा महादानांतले पहिले. त्याच विधीच्या जोडीने केलेल्या दानात कमी पडणे संकल्पाला बाधक. शहाण्या कारभाऱ्याने दगड भरताना खुणेच्या बोटभर वरच पाणी आणले असेल, असे मला आपले वाटते.

लहान नाव घेतली तर ती जास्त बुडेल आणि मोजमाप अधिक अचूक होईल. पण मग दुसरेच संकट येते. हत्ती उंच आहे, त्याचा भार नावेच्या कडांवर चढतो, आणि अरुंद नाव कलंडते. तरंगणे ही एक गोष्ट, सरळ उभे राहणे ही निराळी. आर्किमिडीजला हेही दिसले होते. त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग सबंधच यावर आहे: अन्वस्तजाचा तुकडा द्रवात टाकून तिरपा केला असता तो पुन्हा सरळ होतो की नाही, होतो तर केव्हा. परंतु खऱ्या जहाजाला लागू पडणारे उत्तर 1746 साली फ्रेंच पंडित पिएर बुगेर यांनी दिले. पृथ्वीच्या आकाराची मोजणी करण्यासाठी ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वर्षानुवर्षे राहिले होते, आणि समुद्रापासून इतक्या उंचावर असतानाच त्यांनी जहाजांच्या स्थैर्याचा विचार चालवला होता. नाव किंचित कलली की पाण्याच्या रेट्याचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. तेथून उभी काढलेली रेघ नावेच्या मध्यरेषेला जेथे छेदते त्या बिंदूला त्यांनी मेटासेंटर हे नाव दिले. नावेचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर ती सावरते, वर असेल तर उलटते. आणि हा बिंदू किती उंच राहील हे मुख्यतः रुंदीवर ठरते, तेही घनाच्या प्रमाणात: रुंदी दुप्पट तर सावरण्याचा जोर आठपट.

कोकण-गोव्याच्या माणसाला हे सूत्र न सांगता ठाऊक आहे. मासेमारीच्या होडीला बाजूने उलांडी बांधतात, ती कशासाठी? आणि दोन होड्या जोडून वर फळ्या टाकल्या की त्यांची सांगड होते. कुंभारजुव्याला गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी असाच सांगोड नदीत निघतो, गणपती त्यावर विराजमान असतात, भोवती सोंगे नाचत असतात, आणि एकट्या होडीवर जी गर्दी क्षणभरही निभली नसती ती सांगोडावर निर्धास्त उभी राहते. दोन्ही होड्यांत सारले जाणारे पाणी काही वाढत नाही. मात्र रेटा मध्यापासून दूर, दोन्ही टोकांना मिळतो. मराठीत 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण व्याख्यानांतून इतका झिजवला आहे की त्यातले पाणी आटून गेले आहे. तुळापूरचा हत्ती एकट्या नावेत चढला असेल, हे मला तरी संभवनीय वाटत नाही. तेथे सांगडच असावी.

हे ज्ञान नसल्याची वा असून दुर्लक्षिल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. स्वीडनच्या राजाने बांधवलेले 'वासा' हे चौसष्ट तोफांचे युद्धनौकांतले भूषण 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघाले आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन वाऱ्याच्या झुळुकीने कलंडले. त्याआधी धक्क्यावरच त्याची परीक्षा झाली होती: तीस खलाशांना एका बाजूकडून दुसरीकडे धावायला लावले. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतके डोलू लागले की परीक्षा थांबवली, आणि जहाज मात्र थांबवले नाही. 1961 साली ते वर काढले गेले. आज ते संग्रहालयात पाहता येते. आपल्या किनाऱ्याला आठवते ती 17 जुलै 1947 ची अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट पावसाळी समुद्रात बंदर गाठण्यापूर्वीच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांच्या हकीकतींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते: मोठी लाट आली, बोट एका अंगावर झुकली आणि घाबरलेले लोक एकाच बाजूकडे धावले. वासाच्या तीस खलाशांनी धक्क्यावर जे करून दाखवले, तेच येथे शेकडो जिवांनी भर समुद्रात केले. बोटीतले वजन तेवढेच होते, ते फक्त जागचे हलले होते. अलिबागपासून खाली दक्षिणेकडे कित्येक घरांत आजही त्या तिथीला कोणा ना कोणाचे पान वाढले जाते.

शहाजीराज्यांची नाव मात्र अजून कामावर आहे. मुरगाव बंदरातून दशकानुदशके जे लोहखनिज परदेशी गेले, ते तोलायला पन्नास हजार टनांचा काटा कोणी बसवला नव्हता. जगभर अशा मालाचे वजन जहाजाच्या बुडण्यावरूनच काढतात. माल चढण्यापूर्वी आणि चढल्यानंतर मोजणीदार नाळेवर, मध्यावर व मागे, दोन्ही अंगांस रंगवलेले आकडे वाचतो; एकूण सहा ठिकाणचे. लाट असेल तर ती वर-खाली होत असता मधला आकडा धरतो. जहाज किंचित वाकलेले असेल तर त्याचा हिशेब करतो. इंधन, पिण्याचे पाणी, नीरमाचे पाणी वजा घालतो. अशा जहाजाचे एक सेंटीमीटर म्हणजे पन्नासएक टन माल, तरीही काळजीपूर्वक केलेली मोजणी अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर येते. फरक एवढाच की दगड भरून पाहावे लागत नाहीत. किती बुडाले म्हणजे किती पाणी सरले, याचे कोष्टक जहाज बांधतानाच तयार होते. दगडांची जागा आर्किमिडीजच्या पाचव्या प्रतिज्ञेने घेतली आहे.

आणि त्याला एक वस्तू तुळापूरच्या घाटावर लागली नसती अशी बरोबर न्यावी लागते: पाण्याची घनता पाहायची काचेची नळी. तुळापूरला हत्तीसाठी व दगडांसाठी पाणी एकच होते. समुद्राचे पाणी मात्र गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे तेच जहाज नदीत अधिक बुडते, समुद्रात वर येते. मांडवी-जुवारीच्या मुखाशी तर भरती-ओहोटीबरोबर आणि पावसाळ्याबरोबर हे खारेपण तासातासाला बदलते. म्हणून मोजणीदार आकडे वाचण्याच्या वेळीच जहाजाच्या अंगालगत बादली सोडतो, निरनिराळ्या खोलीचे पाणी वर काढतो, नळी त्यात उभी तरंगू देतो आणि ती कोठवर बुडाली ते वहीत टिपून ठेवतो.